छताची कड

पोपटराव गव्हाण्यांच्या बाजारावर जे कापडी छत होतं, त्याला कड होती, पण कुणी बघितली की ती पुढे सरकायची. त्या कडेवर माझी बायको बसलेली होती. शेवटची बातमी आली तेव्हा ती कुर्डुवाडीच्या पलीकडे गेली होती.

तुम्ही म्हणाल, हेंद्रे मास्तर म्हातारे झाले, काहीही सांगतात. म्हातारा झालोय हे खरं आहे.

आमचा धंदा मांडवाचा. मी आणि अनसूया दोन टोकांना मशीन लावून बसायचो, मध्ये कापड. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून आम्ही कापडाला झटके देऊन बोलायचो. एक झटका म्हणजे थांबा. दोन म्हणजे ओढा. तीन म्हणजे चहा झालाय. संसारातलं बहुतेक सगळं एवढ्यात भागतं. भांडणसुद्धा भागायचं, त्यालाही तीनच झटके, फक्त जोरात.

पोपटरावांनी बार्शीच्या बाहेर एका छताखाली सगळी दुकानं बसवायचं ठरवलं. पांढरं कापड, उंच खांब, तारांनी ताणलेलं. त्यांची अट एकच होती.

"गिऱ्हाइकाला छताची कड दिसता कामा नये," ते म्हणाले. "कड दिसली की बाहेरचं ऊन दिसतं. ऊन दिसलं की घर आठवतं. मग तो जातो."

आराखडा तांबोळी मॅडमचा होता. बाई तरुण, बोलणं मोजकं.

"कुठूनही दिसायला नको?" त्यांनी विचारलं.

"कुठूनही."

"होईल," त्या म्हणाल्या.

आणि झालं.

असल्या कापडाचे मोठे तुकडे गरम करून चिकटवतात. पण कडेची दुमड शिवावी लागते, कारण तिच्यातून वायरदोर जातो आणि त्या दोरावर सगळं छत ताणलेलं राहतं. दुमडीचं काम अनसूयेनं घेतलं. तिची टीप माझ्यापेक्षा सरळ होती. हे ती मला रोज सांगायची. चप्पल काढून ती मशीनवर बसली. मी दुसऱ्या टोकाला, मधल्या खांबापाशी. दुपारी मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, तशी कड थोडी पुढे सरकली आणि कडेबरोबर अनसूयाही सरकली, मशीन आणि स्टुलासकट. नीट दिसावं म्हणून मी उभा राहिलो. ती आणखी लांब गेली. चप्पल तेवढी जागेवर राहिली.

आता कडेवर बसलेल्या बाईला कड दिसतेच की, असं तुमच्या मनात येईल. नाही दिसत. तिला दुमड दिसते. आणि अंधारात, कड दिसत नसताना, तिला गाठायचं म्हणाल, तर पोपटराव दिवे घालवत नव्हते, अनसूयेच्या मशीनलाही दिवा होता.

छत वाढलं तशी खाली दुकानं वाढली. गावंच्या गावं सावलीत आली. माढ्याच्या बायका मला शिव्या द्यायच्या, की पापड वाळवायचे कुठे. मी तांबोळी मॅडमना विचारलं, एवढं कापड येतं कुठून.

"हिशेबात धरलंय," त्या म्हणाल्या.

मी अनसूयेला शोधायला निघालो होतो. जेवढा चाललो तेवढी नवी दुकानं लागली. डोळे होते, ते पुढेच बघणार. मग एका भांडीवाल्यानं मला थांबवून सांगितलं, "मास्तर, तुमच्या येण्यानंच ती लांब चाललीय." खरं होतं. मी परत आलो आणि मधल्या खांबाखाली, जिथे कापड हाताशी उतरलेलं होतं, बसून राहिलो. तिथेच डबा खायचो. डबा झाकला की सवयीनं कापडाला तीन झटके द्यायचो. कापड सैल होतं. झटका साड्यांच्या दुकानापर्यंत जायचा आणि तिथेच विरायचा.

"मास्तर, वारं सुटलं का?" साडीवाला आतून विचारायचा.

"नाही. मी आहे," मी म्हणायचो.

एकदा माढ्याची चांदबी बांगडीवाली तिकडून आली. म्हणाली, "त्या अंगाला मशीन वाजतं. बाई दिसत नाही. मी हाक मारली, बांगड्या भरायच्या का. ती म्हणाली, हात मोकळा नाही."

"अजून काही म्हणाली?"

"विचारलं, मास्तर जेवले का."

"मग?"

"मी म्हटलं, बाई, मला काय माहीत कोण मास्तर."

त्या दिवशी मी तांबोळी मॅडमकडे गेलो.

"ताण वाढवा," मी म्हणालो.

"पुरेसा आहे."

"सैल कापडातून झटका जात नाही. मला तिच्याशी बोलायचंय."

"खांब आत येतील."

"येऊ देत."

त्यांनी वर छताकडे बघितलं. "चेन-पुली तुम्ही ओढा," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं होतं, एवढं लक्षात ठेवा."

मी साखळी ओढायला लागलो. खांब आत आले. गल्ल्या अरुंद झाल्या, लोक आडवे होऊन चालायला लागले, आधी एक खांदा, मग बाकीचा माणूस. साडीचं आणि भांड्यांचं दुकान इतकी जवळ आली, की साडीवाला साड्या कुकरात ठेवायला लागला. कुणी तक्रार केली नाही. पोपटरावही अरुंद झाले होते. सदरा अंगावर पालासारखा हलत होता.

"हेंद्रे, मी पूर्वी रुंद होतो," ते म्हणाले.

"होता."

"अजून किती ओढणार?"

"तिचं कळेपर्यंत."

"कळलं की जरा सैल सोडा. घरी मला ओळखत नाहीत."

मग साखळी हलेना. छत ढोलकीसारखं झालं. मी तळहात टेकवला आणि मला सगळं कळायला लागलं. मोडनिंबला कबूतर बसलं ते कळलं. माढ्यात कुणीतरी चोरून छतावर पापड घातले, तेही एकेक करून कळले. मी हात काढला नाही. डबाही तसाच राहिला. आणि मग तीन झटके आले, हलके. चहा झाला होता.

कापड ओलं होऊ नये म्हणून मी तोंड बाजूला केलं. तेवढ्यात पुन्हा झटके आले. दोन. थोडं थांबून पुन्हा दोन.

ओढा म्हणत होती. पण ओढलं तर कड आत येणार, आणि आत आली की कुणाला तरी दिसणार, मग पुन्हा लांब जाणार. सगळ्यांनी डोळे मिटले तरच जमेल, मी म्हणालो.

पोपटराव म्हणाले, "डोळे मिटून गिऱ्हाईक घेणार काय?"

"थोडा वेळ," तांबोळी मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतःचे डोळे आधी मिटले.

हरवलेली मुलं आणि सवलती सांगणारी एक मुलगी माइकवर असायची. तिनं त्याच आवाजात सांगितलं, "सर्व ग्राहकांना विनंती आहे, कृपया डोळे मिटावेत. छत आत घेत आहोत." माढ्याला, कुर्डुवाडीला, सगळीकडच्या कर्ण्यांतून तेच वाजलं. लोकांनी पिशव्या छातीशी धरल्या आणि डोळे मिटले. मीही मिटले आणि साखळीला हात घातला.

या खेपेला साखळी भराभर येत होती. कापड माझ्या पायाशी साचलं, मग गुडघ्यापर्यंत आलं. बाजारात कुणी बोलत नव्हतं. लांबून मशीनची खडखड ऐकू आली, मग भांड्यांच्या गल्लीतून, मग समोरून.

"अहो, हळू," अनसूया म्हणाली. "सुई बोटाशी आहे."

मी हळू ओढलं.

"बारीक झालात की काय? दम लागतोय."

"तू बघू नकोस."

"मी दुमडीकडेच बघतेय. तुम्ही मिटलेत ना?"

"मिटलेत."

"बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनी."

मी हात पुढे केला. दुमड हाताला लागली. तिच्यावरून बोट फिरवत गेलो. टीप सरळ होती, कुर्डुवाडीपासून इथपर्यंत सरळ. मग अंगुस्तानाची थंड टोपी लागली आणि तिच्याखाली अनसूयेचं बोट.

तेवढ्यात डाव्या हाताच्या गल्लीत, कुणाच्या तरी खांद्यावर, एक तान्हं मूल हसलं. डोळे मिटायला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते झोपेत हसलं की काही बघून हसलं, हे कळायला मला डोळे उघडावे लागले असते.