तोंडातल्या टाचण्या

अर्ध्या गावाच्या कमरेचा खरा आकडा जिला ठाऊक होता, त्या बाईला सगळे टाचणी म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलेलं, आणि ते चिकटलं. एक तर काम करताना तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, आणि दुसरं म्हणजे टाचण्या काढल्यावर त्या तोंडातून जे बाहेर पडे तेही टोचणारंच असे. कपडे सैल-घट्ट करून देण्याचं तिचं दुकान होतं. "श्वास सोडा आधी," ती गिऱ्हाइकाला दटावायची. "पोट आत ओढून माप दिलंत, तर कोट घातल्यावर जन्मभर श्वास धरून बसाल. शिंप्याशी आणि डॉक्टरशी खोटं बोलू नये."

आणि आता हीच बाई डॉक्टरशी खोटं बोलायची तयारी करत होती.

दवाखान्यात फोन लावला तेव्हाच पंचाईत झाली. पलीकडच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं वय?"

"त्रेचाळीस."

"तुमचं नाही हो, पेशंटचं. मुलगी आहे की सून?"

"मुलगी नाही, सूनही नाही. मीच आहे."

पलीकडे पेन खाली पडल्याचा आवाज आला. मग घाईघाईने, "अय्या, अभिनंदन!"

"अभिनंदन राहू दे, आधी वेळ दे," टाचणी म्हणाली.

मंगळवारची सकाळ मिळाली. चालू गोळ्या बरोबर आणा, सासर-माहेर दोन्हीकडचे आजार आठवून या, निघण्याआधी भरपूर पाणी प्या आणि सोनोग्राफी होईपर्यंत बाथरूमला जाऊ नका, असं मुलीने पढवलं. शेवटी म्हणाली, "आणि मिस्टरांना घेऊन या. या वयात तपासण्या जरा जास्त असतात. दोघांनी ऐकलेलं बरं."

नेमकं तेच तिला करायचं नव्हतं.

तिचा नवरा सुतार. त्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर. दिवसभर काचेतून दोघं एकमेकांना दिसायची. लग्नानंतर काही वर्षांनी पहिल्यांदा दिवस राहिले, तेव्हा या माणसाने हातातली सगळी कामं बाजूला सारून पाळणा करायला घेतला होता. गज असे तासले होते की बोट फिरवलं तरी कुसळ लागू नये. पाळणा झाला, मूल झालं नाही. दुसऱ्या खेपेला त्याने फक्त लाकूड कापलं होतं. तेही तसंच राहिलं. मग एक दिवस तो तिच्या दुकानात आला आणि न बोलता भिंतीवर एक फळी ठोकून गेला. फळीला ओळीने गोल भोकं होती. पाळण्याच्या गजांची. त्या भोकांत खुंट्या बसवून त्याने दोऱ्यांची रिळं ठेवायची सोय केली होती. तेव्हाचा त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही. त्यानंतर मुलांचा विषय त्या घरात निघाला नाही. तो विसरला असावा, किंवा विसरायचं ठरवून बसला असावा, असं ती धरून चालली. आता पुन्हा तो चेहरा बघायची तिच्यात ताकद नव्हती. आधी आपण एकटीने जाऊन यावं, बाळाचा ठोका ऐकावा, मग सांगावं. ठोका नसलाच, तर त्याला कळायलाच नको.

पण मंगळवारी दुकान कोण सांभाळणार? म्हणून नणंदेला विश्वासात घ्यावं लागलं. आता नणंद म्हणजे अशी, की तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. सांगून झाल्यावर टाचणीलाच घाम फुटला.

नणंद आधी रडली, मग हसली, मग टाचणीच्याच टेबलावरच्या कापडाला नाक पुसलं. "अगं बाई, आणि माझ्या भावाला सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही, ताई. शपथ आहे."

"त्याच्यापासून लपवायचं? त्याचं मूल ते!"

"मूल होईल तेव्हा त्याचं. तोवर भीती माझी एकटीची असू दे."

नणंद गप्प बसली. ती गप्प बसते हे टाचणीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आणि डॉक्टर विचारतील ना, कितवी खेप म्हणून?"

त्याचीही तयारी टाचणीने चालवली होती. ट्रायल रूमच्या आरशासमोर उभं राहून तिने 'तिसरी' म्हणून पाहिलं होतं. डोळे भरून आले. मग 'पहिली' म्हणून पाहिलं. ते नीट जमलं. अनोळखी बाईसमोर रडण्यापेक्षा हे बरं, असं तिने ठरवलं. पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकांची तिला आठवण झाली आणि स्वतःचाच रागही आला. पण ठरलं ते ठरलं.

मंगळवारी सकाळी तिने सैल झगा घातला. पूर्वीच शिवणीत माया म्हणून भरपूर जादा कापड ठेवून शिवलेला, तोच आदल्या दिवशी उसवून मोठा केला होता. एकामागून एक पेले पाणी प्यायली. "अहो, मी बटणं आणायला घाऊक बाजारात जाऊन येते," चप्पल घालता घालता ती म्हणाली.

"चल, सोडतो," सुतार म्हणाला. "मलाही स्क्रू घ्यायचेत."

"कशाला उगीच? बस आहे की."

"बसला गर्दी असते."

आता नको म्हणावं तरी संशय, हो म्हणावं तरी आफत. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखी ती स्कूटरवर मागे बसली. बाजारात याला कुठेतरी गुंतवून सटकायचं कसं, याचा हिशोब मनात सुरू होता, आणि पोटातलं पाणी वेगळंच बजावत होतं. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. एरवी खड्डे न बघता हाणणारा हा माणूस आज प्रत्येक खड्ड्याला वळसा घालत होता.

चौक आला. बाजाराचा रस्ता उजवीकडे. सुतार डावीकडे वळला.

"अहो, बाजार तिकडे राहिला."

"माहीत आहे."

डावीकडे दवाखाना सोडला तर दुसरं काही नव्हतं. टाचणीचं डोकंच फिरलं. "ताईंनी सांगितलं ना? वाटलंच मला! त्या बाईच्या पोटात एक गोष्ट टिकेल तर शपथ!"

"ताईला माहीत आहे?" त्याने स्कूटर कडेला घेतली आणि वळून पाहिलं. तो खरंच चकित झाला होता. "मग तिने तोंड कसं बंद ठेवलं?"

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो जरा वेळ हँडलवरची धूळ पुसत राहिला. "तुझ्या तोंडात टाचण्या नाहीत," म्हणाला. "महिना होत आला. टेबलावरच्या उशीत खोचतेस. त्या दोन्ही वेळी असंच झालं होतं. लोखंडाची चव नको व्हायची तुला. आणि आज पेल्यामागून पेला पाणी प्यालीस, तेव्हा कुठे निघालीस तेही कळलं."

आपण टाचण्या कधी सोडल्या हे तिलाही ठाऊक नव्हतं. आणि हा समोरच्या काचेतून रोज बघत होता.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलेनास, म्हटलं तुला नको असेल बोलायला. आणि मागे मी फार घाई केली. पाळणा काय, लाकूड काय. मला वाटायचं, माझीच दृष्ट लागली." त्याने आपले तळवे तिच्यापुढे धरले. "या वेळी काही करायला घेतलं नाही. फळीसुद्धा नाही. नुसता बघत बसलो. काम नीट होत नव्हतं."

तिने ते खरबरीत हात आपल्या हातात घेतले आणि रस्त्याच्या कडेलाच रडून घेतलं. मग म्हणाली, "चला आता लवकर, नाहीतर पाण्याचा काही भरवसा नाही."

दवाखान्यात सगळ्या पोरीच पोरी. एकीने उठून तिला जागा दिली, आजी समजून की गरोदर समजून, ते कळायला मार्ग नव्हता. नर्स पेन घेऊन आली. वय विचारलं, गोळ्या विचारल्या, आजार विचारले. टाचणीने पाठ केल्यासारखं सांगितलं.

"आणि ही खेप पहिलीच ना?" नर्सने मान वर न करता विचारलं.

टाचणीने श्वास आत ओढला. "प—"

"तिसरी," शेजारून सुतार म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्याने घसा साफ करून पुन्हा सांगितलं. "तिसरी. आधीची दोन राहिली नाहीत. पण होती."

नर्सने मान वर केली. टाचणी नवऱ्याकडे बघत राहिली. ती दोन एवढी वर्षं तिने एकटीने मोजली होती, आणि हा रस्त्यापलीकडे बसून तीच मोजत होता.

"हो," तिने धरलेला श्वास सोडला. "तिसरी. लिहा नीट."

आतून हाक आली. ती उठली, आणि जागचा न हललेल्या सुताराची बाही ओढून म्हणाली, "बसलात काय असे? दोघांनी ऐकायचं असतं."