दुकान वाढवणे

तिने ‘बळावणे’ची चिठ्ठी खाली ठेवून ‘वाढवणे’ची उचलली, तेवढ्यात दादाचा फोन आला.

“बाबांचं डोकं फिरलंय. दुकान वाढवतायत म्हणे! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! शेजारचा गाळा रिकामा आहे ना, मधल्या लाकडी भिंतीसाठी सुतारसुद्धा बोलावलाय. तूच समजाव, तुझं ऐकतात.”

शब्दकोश कार्यालयात आठवडाभर ती अशाच शब्दांत बुडालेली होती. फुगणे, चढणे, सुजणे, फोफावणे. समोरच्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात तिसरा अर्थ लिहिलेला होता: (दुकान, दिवा इ.) बंद करणे; ‘बंद’ म्हणणे अशुभ वाटते म्हणून.

“दादा, बंद करायचं असेल त्यांना. जुनी माणसं तसंच म्हणतात.”

“मग सुतार कशाला?”

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली.

शिलाई मशीन दुरुस्तीचे ते दुकान म्हणजे एकच अरुंद खोली. आत शिरताच तिला वाटले, आपलेच खरे. वरच्या फळ्या रिकाम्या होत्या आणि जुनी मशीने दाराशी ओळीने मांडलेली होती. मग तिचे लक्ष खणांकडे गेले. प्रत्येक खणावर नवी कोरी पट्टी होती, त्यावर बाबांचे ठसठशीत अक्षर: सुया, बॉबिन, पट्टे, स्प्रिंगा. पन्नास वर्षे हे खण बाबा न बघता उघडत आले होते. पट्ट्या कुणासाठी? नवा कारागीर ठेवणार असतील, म्हणजे दादाच बरोबर.

सुतार टेप हातात घेऊन भिंतीशी उभा होता. बाबा एका उघड्या मशीनपुढे बसले होते. वर्तमानपत्रावर स्क्रू मांडलेले होते.

“बाबा, वाढवताय म्हणजे नक्की काय करताय?”

“कोश तू लिहितेस आणि मला विचारतेस?” बाबा हसले. एक स्क्रू उचलून त्यांनी मशीनला लावून पाहिला, मग दुसरीकडे लावून पाहिला आणि पुन्हा कागदावर ठेवला.

सुतार तिच्याजवळ सरकला. “ताई, तुम्हीच काय ते एकदा सांगा. सकाळी काका म्हणाले, भिंत पाडायची. मग म्हणाले, फळ्या काढून घेऊन जा, आता लागत नाहीत. मगाशी परत भिंत. मी नेमकं करू काय?”

तिने बाबांकडे पाहिले. ते तिच्याचकडे बघत होते, ती काय सांगते ते ऐकायला आतुर असल्यासारखे.

“दादाला मी काय म्हणालो होतो गं?” त्यांनी हळूच विचारले. “मोठं की बंद?”

तिने कागदावरचा तो स्क्रू उचलून बाबांच्या हातात दिला.

“आज नुसतं मोजून ठेवा,” ती शेवटी सुताराला म्हणाली. “बाकी कळवते तुम्हाला.”

“तेच म्हणत होतो मी,” बाबा म्हणाले आणि त्यांचे खांदे सैल झाले.

दादाला फोन करावा म्हणून कोपऱ्यातल्या फोनपाशी जाऊन तिने रिसीव्हर उचलला. फोनच्या वर भिंतीवर तशीच एक पट्टी होती, जरा लांब. पहिल्या ओळीत: मोठा मुलगा, आणि नंबर. दुसऱ्या ओळीत: मुलगी, कोशाच्या कामाला, आणि नंबर. त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते: हिला अजून सांगितलेलं नाही.

रिसीव्हर तिने पुन्हा जागेवर ठेवला. मागे सुताराची टेप सर्रकन गुंडाळली गेली. मेजावरचे पेन घेऊन तिने शेवटचे वाक्य नीट, एकाच रेघेत खोडले आणि खाली लिहिले: हिला माहीत आहे.

“काय लिहितेस?” चष्मा सावरत बाबा उठून जवळ आले. ती ओळ त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “म्हणजे सांगितलं मी तुला.”