जावयाचे सूर्योदय

सूर्य आपल्यामुळे उगवतो, असा माझ्या वडिलांचा समज होता. अण्णा अकोल्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवायचे आणि घरात पहाट शिकवायचे. बाहेर काळोख असतानाच ते सगळ्यांना उठवत, तेही हाका मारून नव्हे, पांघरूण ओढून. मग गार पाण्याची आंघोळ, सूर्यनमस्कार, आणि तांब्या घेऊन अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभं राहणं. आम्ही सगळे कुडकुडत वाट बघत असू आणि सूर्य आपल्या सवडीने यायचा. त्याला कुणी काही बोलत नसे.

मी कळती झाल्यापासून देवाकडे एकच मागत होते, जिथे मला कुणी उठवणार नाही असं घर मिळू दे. नवरा काळा असो की गोरा, वकील असो की कारकून, माझी ना नव्हती. फक्त तो उन्हं अंगावर येईपर्यंत झोपणारा हवा होता. अर्थात ही अट मध्यस्थाला सांगायची सोय नव्हती.

अण्णांची अट बरोबर उलटी. स्थळ आलं की पाणी देण्याआधी ते विचारायचे, मुलगा उठतो केव्हा? धामणगावचा एक चांगला मुलगा त्यांनी एवढ्यावरून परत पाठवला. बिचारा खरं बोलला, सात म्हणाला. मी माजघराच्या दारातून त्याची पाठमोरी टोपी बघत राहिले आणि मला चक्क रडू आलं.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत अमरावतीहून हेमचंद्र आले. वकिली नुकती सुरू झालेली, खांद्याला घडीचा कॅमेरा. मध्यस्थाने त्यांना पढवून आणलं असावं, कारण अण्णांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी पिशवीतून आल्बम काढला आणि आपल्याला सूर्योदयाचे फोटो काढायचा नाद आहे असं सांगितलं. अण्णांनी चष्मा पुसला. काळ्या जाड पानांवर फोटो चिकटवलेले, आणि खाली पांढऱ्या शाईत 'उषःकाल, वडाळी तलाव', 'अरुणोदय, तिवशाचा रस्ता' असं टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं. अण्णा पानं उलटता उलटता मंत्र पुटपुटायला लागले. आईने ते ऐकलं आणि पोह्यांवर खोबरं हात सैल सोडून घातलं.

माझं धाबं दणाणलं. अण्णा निदान अंगणापर्यंतच न्यायचे. हा माणूस मला थंडीत तिवशाच्या रस्त्यावर नेऊन उभी करणार होता, जन्मभर. मी ठरवून टाकलं, आईचे पाय धरायचे, उपाशी राहायचं, पण नाही म्हणायचं.

तेवढ्यात आल्बम आत बायकांना बघायला आला. काहीतरी खोड काढावी म्हणून मी तो उघडला. काळ्यापांढऱ्या फोटोत सूर्य म्हणजे एक पांढरा ठिपका, तो चढतोय की उतरतोय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण तिवशाच्या फोटोत रस्त्यावरून बायकांची रांग चालली होती, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर कापसाचं हे एवढं गाठोडं. वेचणीच्या बाया सकाळी भाकर घेऊन शेतात जातात. गाठोडी घेऊन गावात येतात त्या दिवस मावळताना. पुढच्या पानावर गुरं धुरळा उडवत गोठ्याकडे निघालेली. तिसऱ्या पानापर्यंत मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. अरुणोदय म्हणे! हा गृहस्थ दुपारची झोप काढून, चहा पिऊन, आरामात सायकल मारत गेला होता. आळशी होता, खोटारडा होता, आणि मला तो मनापासून आवडला. आईला मी सांगितलं, मुलगा पसंत आहे.

उन्हाळ्यात लग्न झालं. पहिल्याच सकाळी यांनी अपराधी चेहऱ्याने सगळं कबूल केलं. मला आधीच माहीत आहे एवढं सांगून मी कूस बदलली. ते महिने मी जन्मात विसरणार नाही.

मग दिवाळसण आला. अकोल्याला पोचलो त्या संध्याकाळीच अण्णांनी बेत सांगितला. उद्या तारे असताना जावयाचं अभ्यंगस्नान, आणि लगेच मोर्णा नदीच्या काठी सूर्योदयाचा फोटो. अण्णा अर्घ्य देताहेत असा, शाळेत लावायला. खोटं बोलणाऱ्याच्या घरचं अण्णा पाणी पीत नसत. सख्ख्या भावाशी त्यांनी एका थापेवरून बोलणं टाकलं होतं. आता माझं माहेर यांच्या झोपेवर टांगलेलं होतं.

पहाटे मी यांना हलवलं, चिमटे काढले, पांघरूण ओढलं. हे पाटावरवंट्यासारखे पडून. दारात अण्णा तेलाची वाटी घेऊन उभे राहिले.

"उठले," मी म्हणाले, "कॅमेऱ्यात फिल्म भरून राहिले."

आतून घोरण्याचा आवाज आला.

अण्णा शाळेत शुद्ध बोलत. घरात मन हललं की वऱ्हाडी बाहेर यायची. ते उंबऱ्यावर बसले.

"झोपू दे त्याले," ते म्हणाले. "कापसाची गाठोडी घेऊन बाया काय सकाळी येतेत गावात? मी काय आंधळा आहो?"

मी दार ओढून घेतलं. "तुमाले माहीत होतं? मंग हो काहून म्हणाले?"

त्यांनी तेलाची वाटी उंबऱ्यावर ठेवली.

"मले पहाटे झोप येत नाही. अन् अंधारात एकट्याले भेव वाटते, लहानपणापासून. म्हणून तुमाले उठवत होतो. तू रोज रडत उठे. धामणगावचा पोरगा परत पाठवला तवाही तू रडली, ते पाह्यलं मी. म्हटलं, पुढं तरी पोरीले कोणी झोपू द्यावं."

एवढं बोलून ते तांब्या घेऊन अंगणात गेले. माझे डोळे मिटत होते, बाहेर बोचरी थंडी होती, आणि मला त्यांचा रागही आला होता. एवढ्या पहाटा, आणि एक शब्द सांगता येत नव्हता! तरी मी गेले. कुणी न उठवता, आयुष्यात पहिल्यांदा. सूर्य येईपर्यंत त्यांच्याशेजारी उभी राहिले.

जावईबापू उन्हं चढल्यावर उठले, आणि काय झालं ते कळल्यावर दिवसभर अण्णांच्या नजरेला नजर देईनात. संध्याकाळी अण्णांनीच त्यांना कॅमेऱ्यासकट मोर्णेवर नेलं. पाण्यात उभे राहिले, हातात तांब्या धरला आणि मावळत्या सूर्याकडे तोंड करून डोळे मिटले. यांनी फोटो काढला.

पुढे तो शाळेत लागला. खालची ओळ अण्णांनी स्वतः लिहिली, आपल्या वळणदार शुद्ध अक्षरात: 'उषःकाल, मोर्णाकाठ'.