गावाचा मध्य

सकाळी साडेदहाला मोजणीच्या बाईंनी गावातलं सत्तेचाळिसावं, म्हणजे शेवटचं घर संपवलं. माणसं दोनशे बारा, सायकली एकोणीस, बस शून्य. बस मिळायला अट एकच होती: गावाच्या मध्यापासून मोठ्या रस्त्यावरचा थांबा पाच किलोमीटरपेक्षा लांब हवा.

शेवटच्या घरातल्या वहिनी शाळेचे गणवेश शिवत. दर आठवड्याला गाठोडं डोक्यावर घेऊन थांबा गाठताना त्यांची मान आखडून जाई. पण गावाचा मध्य म्हणजे त्यांच्या दिराचं किराणा दुकान, असं सगळेच मानत, आणि तिथून थांब्याचं अंतर पाच किलोमीटरला शंभर मीटर कमी भरलं. गावप्रमुखही दीरच, म्हणजे सही त्यांचीच लागणार.

"भाऊजी, चोविसावं घर विहिरीपाशी आहे," बाईंना घेऊन दुकानात आलेल्या वहिनी म्हणाल्या. "अलीकडे तेवीस, पलीकडे तेवीस. मग मध्य कुठे आला?"

"आणि मी काय कडेला बसू? वडिलांनी पाटीवर रंगवून घेतलंय, गावाच्या मध्यभागी म्हणून."

"पाटी मी पुसून देते."

"पाटी पुसाल हो. गिऱ्हाइकांच्या डोक्यातलं कसं पुसाल?"

"बस आली की गिऱ्हाईक तुमच्या दारात उतरेल."

"किंवा तीत बसून बाजाराला जाईल."

वहिनी बाईंना विहिरीकडे घेऊन गेल्या. बाईंनी हसू दाबत विहिरीपासूनचं अंतर मोजलं: पाच किलोमीटर चाळीस मीटर.

बसच्या अर्जाचे कागद दुसऱ्या दिवशी अकराला तालुक्याला द्यायचे होते. संध्याकाळी सहापर्यंत दिरांनी पेन हातात घेतलं होतं, सही केली नव्हती.