शॉकची बादली

थोरल्याला आल्या आल्या बापाकडे बघायचं सुचलं नाही. आधी खिशातून कागद निघाला, मग पेन, आणि सगळ्यात शेवटी "कसं वाटतंय, बाबा?" तेही कागदाची घडी उलगडत. आईच्या कपाळावरची शीर तटतटली. पोटचा झाला म्हणून काय झालं, माणसाला काही रीत असावी.

म्हातारा खाटेवर उशांना टेकून बसला होता. दोन शब्द बोलला की खोकल्याची उबळ यायची. क्लबच्या पोहण्याच्या तलावावर त्याने एकतीस वर्षं काढली होती. गेली दोन वर्षं थोरलाच तिथे त्याचा साहेब होता.

मागच्या आठवड्यात तलावाचं पाणी हिरवट पडलं. अशा वेळी एकदम जास्त क्लोरीन मारायचं, त्याला शॉक देणं म्हणतात. म्हातारा ते ऊन उतरल्यावर करायचा, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकतं. आधी बादलीभर पाणी, मग त्यात थोडी थोडी पावडर, आणि पाणी तपासून ठीक निघेपर्यंत तलाव बंद. पण थोरल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा उरकायची होती. त्याने भर दुपारी पंपाच्या खोलीत बादलीत पावडर ओतली आणि वरून नळ सोडला. बादली फसफसली, झोंबणारा धूर उठला. थोरला बाहेर पळाला. शेजारच्या खोलीत मुली कपडे बदलत होत्या. म्हाताऱ्याने नाकाला फडकं लावलं आणि बादली उचलून मोकळ्यावर नेली.

"काय लिहिलंय यात?" आईने विचारलं.

"काही नाही गं. पावडर बाबांनी कालवली, एवढंच. ते तसेही आता कामावर जाणार नाहीत. माझी नोकरी तरी वाचेल."

"वाच."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"अक्षरं जुळवायला वेळ लागतो मला. कान शाबूत आहेत."

थोरल्याने वाचलं. 'वयोमानामुळे झालेला हलगर्जीपणा' इथे त्याची जीभ अडखळली.

"आण इकडे," म्हातारा म्हणाला. "त्याच्या पदरात दोन पोरी आहेत."

सही करताना तो तीनदा खोकायला थांबला. थोरल्याने शाई वाळायचीही वाट पाहिली नाही.

"येतो, आई."

ती दारात उभी राहिली.

"सही त्यांनी केलीय, मी फाडणार नाही. नोकरी कर, पोरींना वाढव. पण हे गेले की खांदा द्यायला पुढे होऊ नकोस. उचलायची वेळ आली तेव्हा तू बाहेर पळाला होतास."