शोभेचे ड्रम

“काका, ड्रम नुसते ठेवायचेत हं. वाजवायचे नाहीत,” इव्हेंटवाली मुलगी म्हणाली आणि मोठ्या ड्रमच्या तोंडावर चंदेरी कागद चिकटवू लागली.

“म्हणजे शोभेला,” तुफान म्हणाला.

“करेक्ट! शोभेला. फोटोत काय दिसतील! एकदम एटीज!”

तुफाननं मान हलवली. मान हलवण्यापलीकडे त्याच्या हातात होतं तरी काय? सकाळपासून तो ते ड्रम घरातून सोडवत होता. सोडवत होता म्हणजे अक्षरशः सोडवत होता. एका ड्रमवर टेबलक्लॉथ टाकून फोन आणि औषधांची टोपली ठेवलेली. मोठ्या ड्रमच्या पोटात थंडीतली पांघरुणं कोंबलेली. सिंबलच्या स्टँडवर बायको रोज ओला टॉवेल वाळत घालायची. आणि ड्रमसमोरचं ते गोल स्टूल तर कधीच स्वयंपाकघरात गेलं होतं. गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्यावर बसून भाजी निवडायची. एवढं सगळं उचकटून, पुसून, टेम्पोत घालून आणलं, ते कशासाठी? शोभेसाठी!

तुफान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते बँडमधल्यांनी ठेवलेलं. ऐकणाऱ्याला वाटावं, काय वाजवत असेल माणूस! वाजवायचा तो चांगलाच, त्यात वाद नाही. पण त्याला दम म्हणून नव्हता. गाणं सुरू व्हायचं चालत, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळा बँड धापा टाकत त्याच्यामागे पळत असायचा. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण याला बघूनच कुणीतरी केली असणार, असं सगळे म्हणायचे. जास्त हाल व्हायचे ते गाणारीचे, आणि गाणारी होती त्याचीच बायको. ती बिचारी कुठे श्वास घ्यायला जाते न जाते, तोच पुढची ओळ दारात उभी.

मग ती गाणी आली. ऐंशीच्या दशकातली चकचकीत गाणी. त्यांतल्या टाळ्या माणसांच्या नसायच्या, यंत्राच्या असायच्या. ड्रम विहिरीत दगड टाकल्यासारखे घुमायचे. आणि ताल इतका सरळ, की जणू कुणी पट्टीनं आखून दिलाय. लोकांना तोच आवाज हवा होता, दुसरं काही ऐकूनच घेत नव्हते. तेव्हा मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, एक सिंथेसायझर आणला आणि त्याच्या जोडीला एक रिदम मशीन. करडं, चपटं, अंगभर बटणं. घरात त्याचं नाव पडलं डबा. डबा दमत नसे, चहा मागत नसे, आणि मुख्य म्हणजे पळत नसे.

डब्याबरोबरचा पहिला कार्यक्रम संपला तेव्हा बायको घामानं डबडबलेली, पण चेहरा असा फुललेला की बघत राहावं. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, “आज पहिल्यांदा मला श्वास घ्यायला मिळाला!”

ती आनंदात बोलून गेली. तुफानच्या मात्र ते वाक्य काळजात रुतलं ते रुतलंच. तो भांडला नाही, बँड सोडून गेला नाही. जाणार कुठे? तो डब्यामागे बसला. गाणं सुरू झालं की बटण दाबायचं, संपलं की दाबायचं, मधल्या वेळात हातात खुळखुळा. त्यात केस पिकले. पण पाय काही ऐकायचे नाहीत. टेबलाखाली ते आपले चालूच. त्याची उजवी चप्पल नेहमी डावीच्या आधी झिजायची, आणि दुकानदार म्हणायचा, “काका, तुम्ही लंगडी घालत फिरता का हो?”

आज एका जुन्या कॉलेजच्या मुलामुलींचं दुपारचं जेवण होतं. मुलंमुली म्हणजे सगळी साठीच्या आसपासची. कपाळाला पट्ट्या, झगझगीत जॅकेटं, खांद्यांत हे एवढाले पॅड. त्यांना तोच जुना आवाज हवा होता, अस्सल. जुना सिंथेसायझर आणि जुना डबा अजून जपून ठेवणारं दुसरं कोण मिळणार? म्हणून तर ह्या तिघांना शोधून काढलं होतं.

तुफान वायरी जोडायला बसला. दोन अडॅप्टर होते, दोन्ही काळे, जुळ्या भावांसारखे. एक सिंथेसायझरचा, एक डब्याचा. डब्याच्या अडॅप्टरवर बायकोनं पूर्वी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. तो झिजून आता नखाएवढाही उरला नव्हता, त्यामुळे तुफान नेहमी उजेडाकडे धरून बघायचा आणि मगच लावायचा. आज नाही बघितलं. आज त्याची नजर त्या चंदेरी कागद चिकटवलेल्या ड्रमवर होती आणि डोकं तापलेलं होतं. शोभेला म्हणे! त्यानं हाताला लागला तो अडॅप्टर डब्याला लावला आणि बटण दाबलं.

टप्.

डब्याचे दिवे एकदा लखकन पेटले आणि गेले. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला.

“भावजी!” मेव्हणा ओरडला. “काय केलंत हे? माझा लावलात त्याला! जळला ना तो!”

“अरे, बघितलं नाही...”

“बघितलं नाही की बघायचं नव्हतं? खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?”

“वेडा आहेस का? मुद्दाम कशाला करेन?”

मुद्दाम केलं नव्हतं, अगदी खरं. पण पोटात कुठेतरी आनंदाची एक उकळी फुटली, हेही तितकंच खरं. आणि तिच्या मागोमाग भीती. डबा नाही म्हणजे ड्रम. ड्रम म्हणजे आपण. आणि आपण म्हणजे पुन्हा तेच. बायको धापा टाकणार, आणि ह्या वयात, ह्या सगळ्यांसमोर.

मेव्हण्यानं मोबाईलमध्ये ताल शोधले. सापडले, पण मोबाईल जुन्या साउंड मिक्सरला जोडायची वायर अख्ख्या हॉलमध्ये कुणाकडे नव्हती. इव्हेंटवाली धावत आली. “काका, गेस्ट बसलेत, सूप सुरू झालंय. म्युझिक कुठंय?”

“ड्रम आहेत की,” बायको म्हणाली.

ती मागे उभी होती. अंगात तेव्हाचं चंदेरी जॅकेट. त्याची बटणं आता लागत नव्हती, म्हणून ते तिनं उघडंच ठेवलं होतं.

“ताई, अगं भावजी पळतील,” मेव्हणा म्हणाला.

“पळू देत नाहीतर लोळू देत. गाणं तर सुरू करायला हवं ना?”

तुफाननं स्वयंपाकघरातून आणलेलं ते स्टूल पुढे ओढलं. बसला. काठ्या हातात घेतल्या. त्यानं मनाशी ठरवलं, मेलो तरी पळणार नाही. आज मी डबा. ठक्, टक्. ठक्, टक्. डबा वाजवेल तसं वाजवायचं, केसभर पुढे नाही.

आणि त्यानं खरंच तसं वाजवलं. अति सांभाळून, दात आवळून, प्रत्येक ठोका तोलून. गाणं चिखलातून चालल्यासारखं चालू लागलं. नाचायला म्हणून दोघंचौघं हौसेनं उठले होते. त्यांनी जरा अंग हलवून बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं परत सुपाकडे गेले. मेव्हण्यानं कपाळाला हात लावला.

मधल्या म्युझिकच्या वेळी बायको पाठ फिरवून त्याच्याजवळ आली. माईकवर हात ठेवला.

“अहो, झोपलात का?”

“सांभाळून वाजवतोय.”

“कुणाला सांभाळताय एवढं?”

“तुला. श्वास नको का घ्यायला मिळायला?”

तिचा चेहराच बदलला. म्हणजे तिलाही आठवत होतं तर! इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपल्यालाच रुतलंय, बोलणारी कधीच विसरून गेली.  मेव्हणा मधलं म्युझिक तिसऱ्यांदा वाजवत होता आणि दोघांकडे डोळे वटारत होता.

“माझ्या श्वासाचं माझं मी बघते,” ती म्हणाली. “तुम्ही पळा.”

“अगं...”

“पळा म्हणते ना!”

मग काय विचारता! तुफान सुटला. मोठ्या ड्रमवरचा चंदेरी कागद दुसऱ्या मिनिटाला टरकन फाटला आणि लोंबायला लागला. कपाळाला हिरवी पट्टी बांधलेला एक टकलू गृहस्थ खुर्ची मागे लोटून उठला, त्याच्यामागे त्याचं टेबल, मग सगळा हॉल. बायको ओळीतले शब्द गिळत होती, अर्धी ओळ सोडून पुढची पकडत होती, माईकमध्येच हसत होती. मेव्हणा सिंथेसायझरवर सैरावैरा बोटं मारत ओरडत होता, “भावजी, जरा हळू! अहो भावजी!” पण भावजी कुठले ऐकतायत? त्यांचे दोन्ही पाय एकदाचे टेबलाखालून बाहेर आले होते.

तीन गाणी अशी गेली. चौथ्याला मनगटं भरून आली.

त्याला आधी कळलंच नाही. वाटलं, काठी निसटतेय. मग लक्षात आलं, मन पुढे आहे, हात मागून येतोय. त्यानं जोर लावला, दात आवळले, पण वेग आपला उतरतच चालला. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. जन्मभर ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, ते पळणंसुद्धा गेलं? कधी गेलं? डब्यामागे बसलो होतो तेव्हाच कधीतरी गेलं असणार, आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

बायकोनं मागे वळून बघितलं नाही. तिनं फक्त ओळी लांबवायला सुरुवात केली. प्रत्येक शब्दावर ती जराशी थांबायची, तो आला की पुढे जायची. पूर्वी त्याच्यामागे पळायची, आता त्याच्यासाठी थांबत होती. नाचणाऱ्यांना वाटलं, बाई काय रंगात आल्यात! मेव्हण्याला मात्र कळलं. त्यानं गुपचूप आपली बोटं आवरती घेतली.

शेवटचं गाणं आलं. त्या काळच्या गाण्यांना शेवट नसायचाच. कॅसेटवर ध्रुवपद पुन्हा पुन्हा यायचं आणि हळूहळू लांब लांब जायचं, बस. स्टेजवर ह्या तिघांची त्यासाठी एक युक्ती होती. ती ध्रुवपद गात राहायची आणि मेव्हणा मिक्सरचं मोठं बटण फिरवत सगळ्यांचा आवाज सावकाश खाली आणायचा. अगदी नाहीसा झाला की तुफान डबा बंद करायचा.

सवयीनं मेव्हण्यानं बटण फिरवलं. सिंथेसायझर खाली गेला, तिचा आवाज खाली गेला, आणि ड्रम मात्र धडाधडा तसेच! ड्रमला कुठे बटण होतं? मेव्हण्यानं घाबरून त्याच्याकडे बघितलं.

तुफाननं आयुष्यात कधी हळू आवाजात वाजवलं नव्हतं. त्यानं हात खाली आणले. आणखी खाली. मग काठ्या मांडीवर ठेवल्या आणि बोटांनी वाजवू लागला. बायकोनं माईक खाली केला आणि त्याच्याकडे तोंड करून नुसत्या गळ्यानं गायला लागली. मग गळाही गेला, ओठच हलत राहिले. त्याची बोटं कातड्याला जेमतेम लागत होती. मग लागेनाशी झाली. तरी ती ताल धरून हवेत हलत होती, आणि बायको त्या बोटांकडे बघून ओठ हलवत होती.

हॉलमध्ये कुणाचा तरी चमचा वाजला. मग टाळ्या आल्या. माणसांच्या, पुढेमागे पडणाऱ्या.

“काका, मस्त!” सामान आवरताना इव्हेंटवाली म्हणाली. “पण पुढच्या वेळी तो मशीनचाच आवाज हवा हं. काही गेस्ट म्हणत होते, मजा आली पण एटीज वाटलं नाही.”

“हो हो. बरोबर आहे,” तुफान म्हणाला.

मेव्हण्यानं डबा काखेत मारला. “ओळखीचा एक मेकॅनिक आहे. होईल म्हणाला दुरुस्त.” दोन पावलं गेला, परत आला. “हात शेकून घ्या, भावजी,” म्हणाला आणि त्याच्याकडे न बघताच गेला.

घरी तुफान पातेल्यातल्या गरम पाण्यात मनगटं बुडवून बसला. ड्रम दाराशीच पडले होते, समोर ते स्टूल, फाटका चंदेरी कागद अजून चिकटलेला. बायको साडेतीन मजले चढल्यासारखी भिंतीला टेकून उभी होती.

“काय गं,” तो पाण्याकडे बघत म्हणाला, “मिळाला का श्वास?”

“कुठला मेला श्वास!” ती म्हणाली. “जीव गेला माझा आज!”

आणि ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं जॅकेटच्या बाहीनं पुसलं. तोही हसला. 

तिनं त्याचे हात पुसले. ओला टॉवेल पिळला आणि सवयीनं सिंबलच्या स्टँडकडे वळली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. टॉवेल तिनं दाराच्या कडीला अडकवला, भाजीची परडी घेतली आणि गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, खाली जमिनीवर बसली.

“अगं, स्टूल घे की,” तुफान म्हणाला.

“राहू दे तिथेच,” ती म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.