दोन खिडक्यांत अडकलेली हाक

मी एक जुना ॲड-इन आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही, कारण मला अंगच नाही. टिपणे लिहिण्याच्या एका मोठ्या प्रोग्रॅमला चिकटून राहणारा मी इवलासा प्रोग्रॅम. टिपणातल्या शब्दाला त्या क्षणाचा आवाज बांधून ठेवायचा, एवढेच माझे काम. शब्दावर बोट टेकवले की तो आवाज ऐकू येतो.

सेंट लॉरेन्स नदी जिथे इतकी रुंदावते की काठावरचे लोक तिला समुद्रच म्हणतात, तिथल्या अभ्यासकेंद्रात सोलांजबाईंनी मला घडवले. पाण्यात माइक सोडून त्या पांढरे देवमासे ऐकत. देवमाशांच्या माद्या दिसायला सारख्या, पण पिलाला हाक मारण्याची प्रत्येकीची रीत निराळी. पहिली हाक माझ्यातून गेली तेव्हा मी थक्क झालो. एवढ्या काळ्या, गार पाण्यात जणू कुणी गंजक्या बिजागरीचे दार मायेने उघडत होते!

मग प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. जुनी टिपणे तिच्यात नीट उघडतील याची खात्री होईना, म्हणून जुनीही ठेवली गेली. मी दोन्हींना जोडलेला. आमच्या केंद्रात एक रिवाज होता: काहीही पूर्ण बंद करायचे नाही, नाहीतर नदीचे ऐकणे तुटेल. पडद्यावरची खिडकी नुसती कोपऱ्यात लपवायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी बोटीचा तांडेल फर्नां ओल्या बुटांनी आत आला. ओहोटीत शेपटीवर खाच असलेले देवमाशाचे एक पिल्लू उथळ पाण्यात अडकले होते. गावकरी त्याच्यावर ओली घोंगडी टाकून बसले होते.

"भरती लागलीय. कुठे सोडू त्याला? एक कळप दीपगृहापाशी आहे, एक पलीकडच्या काठाला."

"त्याची आई ज्या कळपात असेल तिथे. दुसरीकडे दूध कोण पाजणार? मंगळवारी हे खाचेचं पिल्लू तिच्याबरोबर दिसलं होतं, तिची हाक टिपणात आहे."

सोलांजबाईंनी नव्या आवृत्तीत मंगळवारच्या टिपणातल्या त्या शब्दावर बोट टेकवले. शांतता. पुन्हा टेकवले. पडदा गोठला आणि त्यावर माझेच नाव आले: बिघाड याच्यामुळे, काढून टाकावे?

"टाक काढून," फर्नां म्हणाला. "म्हातारा झालाय."

"म्हातारा तर तूही झालायस. तुला काढलं का कुणी?"

"बोटीवर माझ्यावाचून चालत नाही, म्हणून."

"मग जरा गप्प बस."

सोलांजबाईंनी घाई केली नाही. आधी सगळे ॲड-इन बंद केले. टिपण उघडले. मग एकेक सुरू करत गेल्या. बाकीच्यांनी काही अडवले नाही. मला सुरू केले आणि पुन्हा शांतता. मला ओरडून सांगायचे होते, पण मला माझा आवाज कुठे आहे!

सोलांजबाई थबकल्या. "फर्नां, जुनी आवृत्ती मी बंद केली होती की नुसती लपवली?"

"या घरात कुणी कधी काही बंद केलंय का?"

चालू प्रोग्रॅमांमध्ये त्यांनी शोधले. जुनी आवृत्ती आडोशाला जागीच होती, आणि तिथे मीच ध्वनीची वाट धरून बसलो होतो. नव्यातल्या मला ती मिळत नव्हती. माझी वाट मीच अडवली होती. त्यांनी जुनी आवृत्ती पूर्ण बंद केली आणि मंगळवारच्या शब्दावर बोट टेकवले.

बिजागरी करकरली. तीच हाक!

त्यांनी दोन्ही कळपांजवळचे माइक आळीपाळीने ऐकले. पलीकडच्या काठाला नुसत्या शिट्ट्या. दीपगृहापाशी मात्र तीच हाक, न थांबता, पुन्हा पुन्हा.

"दीपगृह," त्या म्हणाल्या. फर्नां धावत सुटला.

मित्रांनो, संध्याकाळी ते पिल्लू पाण्यात उतरले ते मी ऐकले. एक बारीक, कापरा आवाज आला. हाक एकदम थांबली. मग अगदी जवळून, हळू, उत्तर आले. सोलांजबाई कानांवरचे हेडफोन हातांनी दाबून बसून राहिल्या. त्या क्षणाची टीप लिहायची त्या विसरल्याच.

काही बिघडले तर चिडून फेकू नका. सगळे थांबवा, एकेक सुरू करा, कान द्या. काम झाले की ते नीट बंद करा. एक दिवस मलाही काढतील, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याआधी माझ्यातल्या हाका बाहेर काढून ठेवा. त्या माझ्या नाहीत. त्या आयांच्या आहेत.